मूल आयसीयूत असताना आई-वडिलांच्या मनातली धास्ती कशी ओळखायची?

मूल गंभीर आजारी पडून दवाखान्यात भरती झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष मुलाकडे लागतं. ताप किती आहे, ऑक्सिजन किती आहे, रिपोर्ट काय आला, हे दर तासाला विचारलं जातं. वॉर्डाच्या दाराबाहेर बसलेल्या आई-वडिलांचं काय चाललंय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

ते स्वतःही सांगत नाहीत. ‘मला खूप भीती वाटतेय’ हे वाक्य दवाखान्यात फार कमी ऐकू येतं. त्याऐवजी ऐकू येतं ते ‘डॉक्टर काहीच सांगत नाहीत’, ‘मला भूकच नाही’ किंवा ‘आम्ही लेकराला घरी नेतो’. ही तिन्ही वाक्यं बरेचदा एकाच भीतीतून आलेली असतात.

ती भीती वेळेवर ओळखली नाही तर त्याचा फटका मुलालाही बसतो. संमतीपत्रावर सही करायची की नाही, रक्त चढवायचं की नाही, नागपूरला न्यायचं की नाही, हे निर्णय याच आई-वडिलांना घ्यायचे असतात. तेही न झोपता, न जेवता, काही मिनिटांत. म्हणून ही धास्ती कशी दिसते आणि ती दिसल्यावर जवळच्या माणसांनी काय करायचं, हे माहीत असलेलं बरं.

काळजी आणि आजारपणाची चिंता यात फरक काय?

मूल आजारी असताना काळजी वाटणारच. ती वाटणं हा आजार नाही. धोका दिसला की मेंदू शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात, झोप उडते. पळायचं किंवा लढायचं असेल तर ही तयारी कामी येते.

आयसीयूच्या दारात अडचण अशी असते की पळायला जागा नसते आणि लढायला समोर कुणी नसतं. शरीर तासन् तास, कधी दिवसेंदिवस त्याच तयारीत राहतं. मग थकवा येतो, डोकं चालत नाही, छोट्या गोष्टीवरून भडका उडतो.

फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहतात. मुलाची प्रकृती सुधारल्यावर भीती थोडी तरी उतरते का? माणूस जेवणं, झोपणं, बोलणं ही साधी कामं करू शकतोय का? आणि समजावून सांगितल्यावर थोड्या वेळापुरतं तरी हायसं वाटतं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ अशी येत असतील, तर ही नेहमीची काळजी राहिलेली नाही, असं समजून मदत घ्यावी.

गावापासून नागपूरपर्यंत वाढत जाणारी भीती

ही भीती दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होत नाही. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावाचा विचार केला तर हे नीट कळतं.

गावात मुलाला झटके आले, श्वास लागला किंवा ताप उतरेना, की आधी जवळचे डॉक्टर किंवा सरकारी आरोग्य केंद्र गाठलं जातं. तिथून ‘गोंदियाला न्या’ असं सांगितलं जातं. गोंदियात २०१६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडलेलं केटीएस सामान्य रुग्णालय आहे आणि बायका-बाळांसाठी बाई गंगाबाई रुग्णालय आहे. आजार त्याहून गुंतागुंतीचा निघाला तर पुढचा शब्द येतो ‘नागपूर’. म्हणजे ‘मेडिकल’, ‘मेयो’, एम्स किंवा एखादा खाजगी दवाखाना. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे.

डॉक्टरांच्या दृष्टीने ‘रेफर’ म्हणजे जास्त सोय असलेल्या ठिकाणी पाठवणं. आई-वडिलांच्या कानाला मात्र तो शब्द ‘आता आमच्या हातात नाही’ असा ऐकू येतो. प्रत्येक रेफरसोबत भीतीची एक पायरी वाढते. नवीन इमारत, नवीन डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळी माहिती सांगणं, पुन्हा रक्त काढणं.

त्यात पैशांचा आणि कामाचा प्रश्न असतो. हा धानाचा पट्टा आहे. पावसाळ्यात रोवणी चालू असते आणि साथीचे ताप, सर्पदंश, जुलाब हेही त्याच दिवसांत वाढतात. बाप दवाखान्यात बसला तर बांधी तशीच राहते, मजुरी बुडते. घरी दुसरं लेकरू आजीजवळ ठेवलेलं असतं.

भाषेचाही भाग आहे. गोंदियाला एका बाजूला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागून आहे, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. घरात पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या आईला पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजी शब्दांत सांगितलेलं सगळं कळतंच असं नाही. न कळल्याची लाज वाटते, म्हणून ती मान हलवते. समोरच्याला वाटतं, हिला समजलं.

शरीरावर दिसणाऱ्या खुणा

मनातली भीती पहिल्यांदा शरीरावर दिसते. यातल्या बऱ्याच गोष्टी ‘प्रवासाने दमले असतील’ म्हणून सोडून दिल्या जातात.

• छातीत धडधड, हातापायांना कंप, तळहातांना घाम
• श्वास अपुरा पडल्यासारखं वाटणं, वारंवार मोठे उसासे
• पोटात गोळा येणं, मळमळ, सारखं लघवीला जावं लागणं
• घास न उतरणं किंवा दिवसभर फक्त चहावर राहणं
• डोळा लागताच दचकून उठणं
• डोकं, मान, पाठ दुखणं
• बाळंतिणीला दूध कमी आल्यासारखं वाटणं

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. खूप ताण असला की दूध उतरायला वेळ लागतो. बाळ काचेच्या पेटीत असेल, अंगाला लागत नसेल, तर आणखी. मग आईला वाटतं, ‘माझं दूधच आटलं’. बहुतेक वेळा ते आटलेलं नसतं. दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसातून आठ वेळा तरी हाताने दूध काढलं, तर ते टिकतं. हे सिस्टरकडून शिकून घेता येतं. ‘दूध आटलं’ या वाक्याला तेव्हा भीतीची खूण म्हणूनही ऐकायला हवं.

बोलण्यात आणि वागण्यात दिसणाऱ्या खुणा

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं ही सगळ्यात नेहमीची खूण आहे. डॉक्टरांना विचारलं, सिस्टरला विचारलं, आता सफाई करणाऱ्या मावशींनाही विचारलं जातंय. उत्तर माहीत असतं, पण माणूस त्यात धीर शोधत असतो.

दुसरी खूण म्हणजे मशीनच्या आकड्यांना चिकटून बसणं. मॉनिटरवरचा आकडा ९६ वरून ९४ वर आला की बाप उभा राहतो. मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून नजर पडद्यावरच असते. अलार्म वाजला की अंगाला कापरं भरतं. मशीनचे अलार्म कधी कधी तार निसटल्यामुळे किंवा मूल हलल्यामुळेही वाजतात, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरी खूण म्हणजे जागा न सोडणं. ‘मी उठलो आणि तेवढ्यात काही झालं तर?’ या विचाराने माणूस आंघोळीलाही जात नाही. याच्या उलटही घडतं. एखादी आई किंवा बाप आत जायलाच तयार होत नाही. नळ्या लावलेलं लेकरू बघवत नाही. हे बेफिकीर असल्याचं लक्षण नाही, भीती फार झाल्याचं आहे.

चौथी खूण मोबाईलमध्ये सापडते. रात्रभर आजाराचं नाव टाकून व्हिडिओ पाहणं, फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकणं, आलेला प्रत्येक उपाय खरा वाटणं. जितकं पाहावं तितकी भीती वाढते, आणि भीती वाढली की आणखी पाहिलं जातं.

पाचवी खूण म्हणजे स्वतःला दोष देणं. ‘मी आदल्या दिवशीच आणायला पाहिजे होतं’, ‘मीच थंड पाणी दिलं’, ‘ग्रहण पाळलं नाही’. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. हे कळल्यावर बरेच आई-वडील ‘आम्हीच दिला’ या विचारात अडकतात. कुणीही मुद्दाम निवडून जनुक देत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, आणि एकदा सांगून पुरत नाही.

चुकीच्या वाचल्या जाणाऱ्या चार गोष्टी

राग. आवाज चढवणारा बाप दवाखान्यात ‘भांडखोर’ ठरतो. बऱ्याच पुरुषांना लहानपणापासून रडायची परवानगी नसते, रागावायची असते. म्हणून भीती रागाच्या रूपात बाहेर पडते. मारहाणीला मात्र माफी नाही. डॉक्टर आणि दवाखान्यावरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. पण आवाज चढतो तिथेच कुणी बाजूला घेऊन, खुर्ची देऊन, पाणी पाजून विचारलं, तर प्रकरण तिथपर्यंत जात नाही.

शांतता. एकही प्रश्न न विचारणारी, सांगेल तिथे अंगठा देणारी आई ‘समजूतदार’ वाटते. तिच्याकडे सगळ्यात आधी लक्ष द्यायला हवं. धक्का मोठा असला की माणूस सुन्न होतो. समोरचं बोलणं ऐकू येतं, पण आत पोहोचत नाही.

देवधर्म. अंगारा, नवस, ताईत यावरून घरच्यांना हसू नये. प्रार्थनेने अनेकांना बळ मिळतं. काळजी तेव्हा करावी, जेव्हा त्यासाठी औषध थांबवलं जातं किंवा मुलाला हलवायची तयारी होते.

‘आम्ही घरी नेतो’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेण्याला दवाखान्याच्या बोलीत ‘डामा’ म्हणतात. यामागे पैसा असतो, पण नेहमी फक्त पैसाच नसतो. ‘लेकराचे हाल बघवत नाहीत’, ‘इथे कुणी बोलत नाही’, ‘मरायचंच असेल तर घरी’ असे विचार असतात. हे वाक्य ऐकलं की ‘नेऊ नका’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘नेमकी कशाची भीती वाटतेय?’ खर्चाची असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात. हा कार्यक्रम २०११ पासून आहे.

आई, बाप आणि आजी: तिघांची भीती वेगळी

नवजात बाळ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात असेल, तर आई स्वतःच रुग्ण असते. टाके ओले असतात, रक्तस्राव चालू असतो, झोप नसते. त्यात बाळाच्या आजाराचं खापर तिच्यावर फुटतं. ‘हिने नीट खाल्लं नाही’, ‘हिचा पायगुण’. अशा वेळी चिंता आणि नैराश्य हातात हात घालून येतात. गोव्यातल्या मातांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं होतं. गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ आणि मुलगी होणं या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. ती बाळं आयसीयूतली नव्हती, हे लक्षात घेतलं तर आजारी बाळाच्या आईवर किती ओझं असेल, याची कल्पना येते.

बाप बहुतेक वेळा पळापळीत असतो. रक्त आणणं, औषध आणणं, पैसे उभे करणं. त्याच्या हाताला काम असतं, म्हणून तो ठीक आहे असं सगळे धरून चालतात. त्याची भीती दारू किंवा खर्रा वाढण्यात, फोन न उचलण्यात, एकटं बसण्यात दिसते. मूल धोक्याबाहेर आल्यावर तो अचानक कोसळतो.

आजी-आजोबा दोन्हीकडून भरडले जातात. नातवंडाची काळजी आणि स्वतःच्या लेकराची अवस्था. बीपी आणि शुगरच्या गोळ्या घ्यायला तेच विसरतात.

डॉक्टरांनी सांगितलेलं डोक्यात का शिरत नाही?

मन शांत असतानाही दवाखान्यातली माहिती लक्षात ठेवणं अवघड असतं. डच संशोधक रॉय केसल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतात, असं त्यात नोंदवलं आहे. घाबरलेला माणूस तर ‘गंभीर’, ‘धोका’ असे शब्द पकडतो आणि पुढचं ऐकतच नाही.

म्हणून ‘आत्ताच तर सांगितलं’ असं म्हणून चिडण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना भेटताना दोन माणसांनी जावं. एकाने ऐकावं, दुसऱ्याने वहीत लिहावं. शेवटी आपल्या शब्दांत परत सांगून बघावं: ‘म्हणजे आज मशीन काढणार नाही, उद्या सकाळी बघणार, बरोबर?’ एवढ्याने अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

सगळ्यात मोठा घाव कुठे बसतो?

मुलांच्या आयसीयूत आई-वडिलांना नेमका कशाचा ताण येतो, हे मोजण्यासाठी अमेरिकेत मार्गारेट माइल्स आणि मेलबा कार्टर या परिचारिका-संशोधकांनी १९८० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. मशीनचे आवाज, मुलाचं बदललेलं रूप, सुया-नळ्या, कर्मचाऱ्यांचं बोलणं, असे वेगवेगळे भाग त्यात होते. पुढे या प्रश्नावलीवरून झालेल्या अभ्यासांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर आली. आई-बाप म्हणून आपली जागाच गेली, हे त्यांना फार लागतं. लेकराला उचलता येत नाही, भरवता येत नाही, दुखतंय ते थांबवता येत नाही.

एकेकाळी दवाखाने आई-वडिलांना मुद्दामच दूर ठेवत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म बनवली. १९५९ साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आई-वडिलांना भेटीची मोकळीक द्यावी असं सुचवलं, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं.

भारतात केंद्र सरकारने २०१७ साली नवजात बाळांच्या कक्षासाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातला अनुभव त्यामागे होता. हात धुऊन, गाऊन घालून आईने किंवा घरच्या माणसाने बाळाची साधी निगा राखायची, स्वच्छता बघायची, दूध पाजायचं, बाळाला छातीशी धरायचं, अशी ती पद्धत आहे. बाळाला छातीशी धरण्याचा, म्हणजे ‘कांगारू’ पद्धतीचा, फायदा बाळाला तर थेट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत कमी वजनाच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं.

त्यामुळे आई-वडिलांनी सिस्टरला हे विचारायला हरकत नाही: ‘आम्ही बाळासाठी आत्ता काय करू शकतो?’ हात धरणं, ओठांना ओला बोळा लावणं, डायपर बदलणं, गाणं म्हणणं, काहीही असो. हाताला लेकराचं काम मिळालं की भीतीचं ओझं थोडं उतरतं.

भीतीला कारण असतं तेव्हा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळांचा जीव गेला. १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. दोन्हीकडे नातीगोती आहेत. या भागातली एखादी आई ‘बाळाला आत एकटं सोडणार नाही’ म्हणत असेल, तर त्यामागे ही आठवण असू शकते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधामुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या अनेकांना नागपुरात आणलं गेलं, बरीच दगावली. त्यानंतर औषधाच्या बाटलीकडे संशयाने पाहणाऱ्या बापाला ‘अडाणी’ म्हणणं चुकीचं ठरेल.

अशा वेळी ‘काही होत नाही’ म्हणून उपयोग नसतो. भीतीला माहितीने उत्तर द्यावं लागतं. आत रात्री कोण असतं, आग लागली तर बाहेर काढायचा रस्ता कुठला, औषध कशासाठी आहे, हे विचारण्याचा आई-वडिलांना हक्क आहे. सरळ उत्तर मिळालं की भीती आटोक्यात येते. टाळाटाळ झाली की वाढते.

चिंता मोजता येते का?

येते. डॉक्टर आणि समुपदेशक त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या वापरतात.

जीएडी-७ ही २००६ साली तयार झालेली सात प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, असे प्रश्न त्यात असतात. गुण ० ते २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि पंधरापासून तीव्र चिंता मानतात. हॅड्स ही १९८३ ची यादी खास दवाखान्यातल्या लोकांसाठी बनली. चिंतेचे सात आणि नैराश्याचे सात प्रश्न त्यात आहेत. स्पीलबर्गर यांची १९७० ची प्रश्नावली ‘आत्ता वाटणारी चिंता’ आणि ‘मूळ स्वभावातली चिंता’ वेगवेगळी मोजते. मूल आयसीयूत असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

या याद्या निदान करत नाहीत. कुणाला तज्ज्ञाकडे पाठवायची गरज आहे, ते दाखवतात. इंटरनेटवर स्वतः गुण मोजून घाबरून जाऊ नये.

जवळच्या माणसांनी काय करायचं?

‘काळजी करू नका’ हे वाक्य टाळावं. त्याने काळजी जात नाही, फक्त ती बोलून दाखवायची सोय जाते. ‘देवाची मर्जी’, ‘आमच्या गावातल्या अमक्याच्या पोराचं असंच झालं होतं’, ‘आधीच आणायचं होतं ना’ ही वाक्यंही नकोत.

त्याऐवजी थेट पण हळू विचारावं. ‘ताई, शेवटचं कधी जेवलात?’ ‘भाऊ, रात्री डोळा लागला का?’ ‘आत्ता सगळ्यात जास्त कशाची भीती वाटतेय?’ मुलांच्या दवाखान्यांत कर्मचाऱ्यांना शिकवल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तीनच गोष्टी क्रमाने बघायला सांगतात: मुलाला काय दुखतंय किंवा कशाची भीती आहे, त्याला धीर द्यायला कोण आहे, आणि घरच्यांची अवस्था कशी आहे. ही तिसरी गोष्ट शेजारी आणि नातेवाईकही बघू शकतात.

कामं वाटून घ्यावीत. एकाने फक्त फोन घ्यायचे, म्हणजे आई-वडिलांना वीस जणांना तेच सांगावं लागत नाही. एकाने डबा, एकाने घरचं लेकरू आणि गुरं. पाळी लावून चार तास सलग झोप मिळेल असं बघावं. गावातल्या आशाताईंनी शेतीच्या आणि घरच्या कामाची सोय झाल्याचा एक फोन केला, तरी दवाखान्यातल्या बापाच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं.

छातीत धडधड वाढली तर हळू श्वासाचा उपाय तिथल्या तिथे करता येतो. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. पाय जमिनीवर टेकलेले असावेत.

इथे मात्र थांबू नये

पुढचं काही दिसलं तर लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला सांगावं.

• ‘लेकराला काही झालं तर मीही जगणार नाही’ असं बोलणं
• दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही आणि बोलणं असंबद्ध
• नसलेले आवाज ऐकू येणं, माणसं दिसणं, विशेषतः नुकत्याच बाळंत झालेल्या आईला
• दिवसभर अन्नपाणी पूर्ण बंद
• छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं. हे ‘टेन्शन’ असेल असं स्वतः ठरवू नये, आधी तपासून घ्यावं
• बाळंतिणीला ताप किंवा जास्त रक्तस्राव
• दारूचं प्रमाण एकदम वाढणं, मारहाण

मूल घरी आल्यावरही लक्ष ठेवायचं

डिस्चार्ज झाला की सगळे निःश्वास सोडतात. काही आई-वडिलांची भीती मात्र तेव्हा बाहेर येते. रात्री चार-चार वेळा उठून मुलाचा श्वास बघणं, मशीनसारखा आवाज आला की दचकणं, तो रस्ता किंवा तो दवाखाना टाळणं, साध्या सर्दीलाही थेट नागपूर गाठणं. पहिल्या महिन्यात हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, तर तो आघातानंतरचा मानसिक ताण, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा सांगतो की मुलांच्या आयसीयूतून बाहेर आलेल्या साधारण दर दहा ते पाच पालकांमागे एकाला हा त्रास होतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

मूल वाचलं नाही, तर घरच्यांची भीती दुःखात बदलते. अशा घरी महिनाभराने, तीन महिन्यांनी कुणीतरी जाऊन बसणं गरजेचं असतं. तेरावं झालं की माणसं यायची थांबतात आणि खरं एकटेपण तेव्हाच सुरू होतं.

मदत कुठे मिळते?

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे. नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. आई-वडिलांपैकी कुणीही, किंवा त्यांच्या वतीने नातेवाईक फोन करू शकतात. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मूल ज्या दवाखान्यात आहे तिथल्याच डॉक्टरांना ‘आईला झोप नाही, तिलाही दाखवायचंय’ एवढं सांगितलं तरी पुढचा रस्ता कळतो. जिल्हा पातळीवर राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधं मिळतात. मोठ्या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात. राहण्याची, जेवणाची, कागदपत्रांची अडचण त्यांच्याकडे मांडता येते.

एखाद्या ओळखीच्या घरातलं मूल आज दवाखान्यात असेल, तर मुलाची चौकशी झाल्यावर फोन ठेवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारता येईल: ‘आणि तुम्ही? जेवलात का?’ उत्तर यायला वेळ लागला, तर फोन ठेवू नये.